जाळू नये असं यंत्र

देह चितेवर ठेवण्याआधी घरच्यांना एक गोष्ट विचारायलाच हवी: छातीत पेसमेकर आहे का? असला तर तो आधी काढून घ्यावा लागतो. बंद टायटॅनियमच्या डबीत लिथियमची बॅटरी असते. ती आगीत तापली की फुटते. इंग्लंडमध्ये सोलिहलच्या शवदाहिनीत 1976 साली असा स्फोट झाला. तिथे आता दहनाच्या अर्जावरच हा प्रश्न छापलेला असतो. खानदेशात पांझरेच्या किंवा गिरणेच्या काठी अर्जबिर्ज नसतो. कुणा शहाण्या माणसाला आठवलं तर ठीक, नाहीतर लाकडं रचलेलीच असतात.

काढून घेतलेल्या यंत्राचं मग काय होतं? बहुतेकदा काहीच नाही. अनेक जण बॅटरी संपण्याच्या आतच जातात. यंत्र चालू, माणूस गेलेला.

हे यंत्र दिसायला अगदी साधं. जुन्या मनगटी घड्याळाच्या तबकडीएवढं, बोटाहून पातळ, वजन 20-30 ग्रॅम. गळ्याजवळच्या हाडाखाली कातडीत छोटा खिसा करून ते बसवतात आणि शिरेतून एक किंवा दोन तारा हृदयात सोडतात. जागा बधिर करून, पडद्यावर एक्स-रेची हलती चित्रं बघत साधारण तासाभरात काम आटोपतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून निघालेला विजेचा इशारा खालच्या कप्प्यांपर्यंत पोचेनासा झाला की खालचे कप्पे आपल्याच संथ चालीनं चालतात. मिनिटाला तीस-चाळीस ठोके. त्याला डॉक्टर ‘कम्प्लीट हार्ट ब्लॉक’ म्हणतात. ठोका चुकला की पेसमेकर हृदयाला हलकासा टोला देतो, बाकी वेळ गप्प बसतो.

आता हा आजार खानदेशात आणून बघा. मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांना टेकतो. कापसाच्या रानात किंवा केळीच्या बागेत म्हातारं माणूस भोवळ येऊन पडलं की घरचे म्हणतात, ‘ऊन लागनं व्हई.’ कांदा फोडून नाकाशी धरतात, गूळपाणी पाजतात, सावलीत निजवतात. माणूस दोन मिनिटांत उठून बसतं आणि विषय संपतो. खरं म्हणजे तो तिथे सुरू व्हायला हवा. उन्हानं गळालेल्या माणसाची नाडी बहुतेक वेळा धावत असते, ब्लॉकवाल्याची रेंगाळते. मनगट धरून मिनिटभर ठोके मोजायला घड्याळापलीकडे काही लागत नाही. नंतर प्राथमिक आरोग्य केंद्रात ईसीजीची पट्टी काढली की दुखणं पुष्कळदा कागदावर उमटतं. अडायचं ते पुढे. यंत्राची किंमत ऐकली की घरात एकराच्या भाषेत बोलणं सुरू व्हायचं.

पहिला पेसमेकर शरीरात बसवला गेला तो 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्टॉकहोममध्ये. शल्यचिकित्सक ओके सेनिंग, अभियंता रूने एल्मक्विस्ट आणि रुग्ण आर्ने लार्सन. बूट पॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात रेझिन ओतलं होतं. ते यंत्र काही तासांतच बंद पडलं. पण लार्सन एकामागून एक वीसहून जास्त यंत्रं बदलत 2001 पर्यंत जगले आणि गेले ते कर्करोगानं. सेनिंग आणि एल्मक्विस्ट या दोघांच्याही नंतर.

गरिबाला वीस यंत्रं कोण देणार? एकच मिळण्याची मारामार. त्यावर एक वाट निघाली ती मुंबई आणि पेन्सिल्वेनिया यांच्यामध्ये. ईस्टन गावचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. डॅनियल मस्कारेन्हास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थांना हाताशी धरलं. कुटुंबाची संमती घ्यायची, यंत्र काढायचं, तपासायचं, निर्जंतुक करायचं आणि मुंबईला धाडायचं. इकडे वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात डॉ. यश लोखंडवाला आणि मंडळी ती यंत्रं गरजूंना बसवत. 2012 साली त्यांनी हिशेब छापला. जमलेल्या 121 पेसमेकरांपैकी पुरेशी बॅटरी उरलेले 53 निघाले आणि ते 53 रुग्णांना बसवले. जंतुसंसर्ग एकालाही झाला नाही. काही जण पुन्हा मजुरीला लागले, बायका पुन्हा घरकाम करू लागल्या.

त्याच वर्षी दुसरा अहवाल आला, शॉक देणाऱ्या यंत्रांचा, म्हणजे डिफिब्रिलेटरचा. 81 रुग्णांना 106 जुनी यंत्रं बसवली होती. निम्म्याहून अधिक रुग्णांत यंत्रानं वेळेवर काम करून हृदयाची जीवघेणी लय मोडून काढली. हा आकडा मला पहिल्या अहवालापेक्षा जड वाटतो. पेसमेकरनं दिलासा मिळाला असं म्हणता येतं. इथे सरळ मरण टळलं.

धुतलेली वस्तू दुसऱ्याच्या छातीत, हे ऐकूनच काहींच्या अंगावर काटा येतो. त्यांच्यासाठी प्रक्रिया सांगतो. रक्ताचा अंश विरघळवणाऱ्या द्रावणानं यंत्र घासतात, बॅटरी आणि ठोके यंत्रावर तपासतात, मग इथिलीन ऑक्साइड वायूनं निर्जंतुक करतात, कारण वाफेच्या उष्णतेत बॅटरी खराब होईल. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या गटानं लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन भागातल्या 1,051 रुग्णांना अशी यंत्रं दिली. दोन वर्षांत जंतुसंसर्ग झाला 2 टक्के लोकांना. नवं यंत्र बसवलेल्या 3,153 जणांत हे प्रमाण 1.2 टक्के होतं. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. मिशिगन विद्यापीठाच्या गटानं तर सात देशांत चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना नवं, निम्म्यांना जुनं यंत्र देऊन तुलना केली. तरी कंपन्या डबीवर ‘एकदाच वापरा’ असंच छापतात आणि अमेरिकेचं औषध प्रशासन फेरवापराला आक्षेपार्ह मानतं. तिथल्या रुग्णाला नवं परवडतं म्हणून हा नियम निभावतो. इथे त्याच नियमाचा अर्थ अनेकदा ‘काहीच बसवू नका’ असा होतो.

धुळ्याचा मुद्दा मात्र इथे वेगळा आहे. मुंबईचे हे अहवाल छापले जात होते त्याच 2012 च्या 2 जुलैला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत धुळे होतं. जळगावला ती पुढच्या वर्षी 21 नोव्हेंबरला पोचली. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं चालते. पिवळं-केशरी रेशनकार्ड असलेल्या घरासाठी नवा पेसमेकर सरकारी खर्चानं बसू लागला आणि परदेशी मेल्या माणसाच्या यंत्राची गरज निदान कागदावर तरी कमी झाली. हे चांगलंच झालं. आपल्या रुग्णाला नवं मिळावं, जुनं नव्हे, याबद्दल दुमत असायचं कारण नाही. योजनेच्या चौकटीबाहेर जो राहतो आणि ज्याची बॅटरी दहा वर्षांनी संपते, त्यांच्यासाठी जुन्या यंत्राची वाट मोकळी ठेवावी इतकंच.

बसवल्यावरचं काम मात्र योजनेत पुरतं बसत नाही. पेसमेकर दर सहा महिन्यांनी किंवा वर्षानं तपासावा लागतो. कातडीवर एक गोल चकती धरायची, लॅपटॉपसारख्या यंत्रावर बॅटरी, ठोके, तारांचा रोध वाचायचा. हे तपासयंत्र प्रत्येक कंपनीचं वेगळं. एकीचं दुसरीला चालत नाही. साक्रीच्या किंवा चोपड्याच्या आजोबांना चाळिसगाव किंवा जळगावहून गाडी धरून मुंबईला जायचं, किंवा जवळच्या शहरात कंपनीचा माणूस ते यंत्र घेऊन कधी येतो याची तारीख धरून बसायचं. तोवर खिशात जपायचं ते यंत्राचं कार्ड. त्यावर मॉडेल आणि क्रमांक असतो, आणि पुढे बॅटरी बदलायची वेळ येईल तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतात.