बाळाची सर्दी आणि ओलाव्याचे यंत्र

लहान मुलाला सर्दी झाली की सारे घर जागे राहते. नाक चोंदलेले, दूध ओढता येत नाही, रात्रभर रड. अशा वेळी कोणीतरी सांगते, ‘ह्युमिडिफायर घ्या.’ मग हातातले पैसे मोडून किंवा उसनवारी करून आईबाप दुकान गाठतात. माता-भगिनींनो, पैसे मोजण्यापूर्वी चार गोष्टी समजून घ्याव्यात, असे आम्हाला वाटते.

पहिली गोष्ट ही की, हे यंत्र औषध नव्हे. सर्दी विषाणूंमुळे होते आणि बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप बरी होते. यंत्र फक्त खोलीतल्या हवेत ओलावा सोडते. हवा कोरडी असेल तर नाकातला घट्ट शेंबूड थोडा सैल होतो, एवढाच त्याचा उपयोग.

आपल्या घराला त्याची गरज आहे का?

हवेतली आर्द्रता साधारण 30 ते 50 टक्के असावी. मुंबई-कोकणात वर्षातला बराच काळ ती याहून जास्तच असते. बरणीतले मीठ पाझरते, पापड मऊ पडतात, भिंतीला ओल येते, अशा घरात हे यंत्र लावले तर बुरशी वाढेल आणि मुलाचा खोकला उलट बळावेल. तेथे खिडकी उघडणे हाच उपाय. विदर्भ-मराठवाड्यात मात्र हिवाळ्यात ओठ फुटतात, स्वेटर काढताना केस उभे राहतात. तेथे ओलाव्याचा उपयोग होऊ शकतो. परंतु खोलीत दोरीवर ओले धुणे वाळत घातले तरी हवेत ओलावा येतोच, आणि तोही फुकट!

घ्यायचेच असेल तर कोणते?

काही यंत्रे पाणी उकळून गरम वाफ सोडतात. रांगते मूल असलेल्या एका खोलीच्या घरात ती नकोतच. वायर ओढली की उकळते पाणी अंगावर! थंड तुषार सोडणारे यंत्र घ्यावे. टाकीचे तोंड हात आत जाईल इतके रुंद असावे, म्हणजे घासता येते. पाणी रोज बदलावे, टाकी धुऊन कोरडी करावी. शिळ्या पाण्यात जंतू वाढतात आणि तुषारांबरोबर तेच बाळाच्या छातीत जातात. बोअरचे जड पाणी घातले तर काही यंत्रांतून क्षारांची पांढरी भुकटी उडते. यंत्र बाळाच्या तोंडाजवळ न ठेवता दूर, उंचावर ठेवावे. त्यात बाम, कापूर, तेल काहीही घालू नये.

दुकानात नेब्युलायझरही दाखवतात. तो वेगळा. त्यातून श्वासावाटे औषध दिले जाते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय तो घेऊ नये.

घरचे उपाय, घरचे धोके

उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलाला वाकवून वाफ देण्याची रीत अनेक घरांत आहे. पातेले कलंडून मुले भाजतात. ही रीत सोडावी. शेगडीवर ओवा टाकून बाळाला धुरी देतात, तीही बंद करावी. चुलीचा, विडीचा, मच्छर कॉइलचा धूर आजारी छातीला जाचकच.

त्याऐवजी औषध दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब दूध पाजण्याआधी नाकात घालावेत. अंगावरचे दूध चालू ठेवावे, थोडे-थोडे पुन्हा पुन्हा पाजावे. एक वर्षावरील मुलाला चमचाभर मध चालतो, त्याखालील बाळाला मध मुळीच देऊ नये. सर्दी-खोकल्याची पातळ औषधे मनाने देऊ नयेत. 2023 साली सरकारने अशा एका मिश्र औषधावर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असे छापण्याचे आदेश दिले.

हे मात्र चुकवू नका

सर्दीच्या आडून न्यूमोनिया येतो. बाळ शांत असताना, घड्याळ समोर ठेवून, पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजा. दोन महिन्यांखालील बाळाचे 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक श्वास भरले तर त्याच वेळी दवाखाना गाठा. श्वास घेताना छातीची खालची बाजू आत ओढली जाते, मूल पीत नाही, गुंगीत राहते, झटके येतात, ओठ निळे पडतात, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत मिळते. दोन महिन्यांखालील बाळाला नुसता ताप आला तरी तेच करावे.

न्यूमोनियाच्या एका मोठ्या कारणावरील पीसीव्ही लस 2021 पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत दिली जाते. आपल्या मुलाच्या कार्डावर तिची नोंद आहे का, ते आजच पाहा.

यंत्र नाही म्हणून कोणत्याही आईने स्वतःला कमी लेखू नये. श्वास मोजायला लागते ते घड्याळ बहुतेक प्रत्येक घरात आहे. ते वाचणे आणि वेळेवर उठणे, बाळाचा जीव त्यानेच वाचतो.