कबाबाचा धूर आणि द्राक्षाचं खोड

असरची, म्हणजे दुपार कलल्यानंतरची नमाज आटोपली की जुन्या नाशकात सिगड्या बाहेर निघतात. दूध बाजार, चौक मंडई, भद्रकालीच्या गल्ल्यांत लोखंडी चौकटी मांडल्या जातात. इफ्तारला अजून अवकाश असतो, पण निखारा काही मिनिटांत तयार होत नाही. सिगडी पेटवणारा बहुतेक वेळा स्वतः रोजेदार असतो. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, समोर आग, आणि खिम्यात मीठ बरोबर पडलंय का हे चाखून बघायची सोय नाही. धूर मात्र चुकत नाही. नकळत नाकातोंडात गेलेल्या धुराने रोजा तुटत नाही. मुद्दाम ओढला तर तुटतो. एवढी सवलत नसती तर रमजानात सीख कबाब लावायला माणूसच मिळाला नसता.

महिनाभराच्या या धंद्यात कबाबवाल्याच्या हातात फारसं काही नसतं. मटणाचा भाव खाटीक ठरवतो, सीखेचा भाव शेजारचा ठेला ठरवतो. कांदा-कोथिंबीर मंडईवर अवलंबून. काटकसर करायला उरतं ते जळण. आणि नेमकी तिथेच चूक होते.

कोळसा महाग का, याचं उत्तर भट्टीतच आहे. पारंपरिक भट्टीत साधारण चार ते सहा किलो लाकूड जळतं तेव्हा एक किलो कोळसा हाती येतो. लाकडाचा भाव, वाहतूक, मजुरी, सगळं त्या एका किलोवर चढतं. महाराष्ट्रात या भट्ट्यांवर राबणारी अनेक कुटुंबं कातकरी आहेत. उचल घेऊन घर सोडायचं आणि पावसाळा तोंडावर आला की परतायचं, असा त्यांचा क्रम. तेव्हा कोळसा महाग झाला म्हणून कुरकुरताना, तो इतकी वर्षं स्वस्त कशामुळे मिळत होता, हेही आठवायला हवं.

कोळसा परवडेना की नजर फुकटच्या लाकडाकडे वळते. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती जवळच. तिथलं खोक्यांचं आणि पॅलेटचं लाकूड भंगारात उतरतं, कोरडं असतं, झटकन पेटतं. पण निर्यातीच्या पॅलेटवर एक शिक्का असतो, तो वाचण्याची तसदी कोणी घेत नाही. त्यावर ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं. ‘एमबी’ असेल तर मिथाईल ब्रोमाईड या विषारी वायूची धुरी दिलेलं. दुसऱ्या प्रकारचं लाकूड अन्नाखाली जाळायचं नाही. प्लायवूड, रंगवलेली फळी, सनमायका चिकटलेला तुकडा यांचीही तीच गत, कारण त्यात डिंक, रंग आणि रसायनं असतात. आरा गिरणीचा भुसा स्वस्त असतो खरा, पण त्यात कोणकोणतं लाकूड मिसळलंय हे गिरणीवालाही सांगू शकत नाही. शिवाय खोक्यांचं लाकूड पुष्कळदा पाइनचं असतं. पाइनमध्ये राळ असते, राळेची काजळी होते आणि कबाब कडवट लागतो.

खरं तर उष्णता देणं आणि वास देणं ही दोन वेगळी कामं आहेत. चांगल्या कोळशाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. त्यातला वासाचा भाग भट्टीतच उडून गेलेला असतो. सीख कबाबाचा जो वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो, तो बराचसा निखाऱ्यावर टपकणाऱ्या चरबीचा. त्यावर लाकडाचा गंध हवा असेल तर मूठभर सुक्या ढलप्या पुरतात. लाकडात लिग्निन नावाचा घटक असतो, तो तापून तुटला की धुराला तो खमंग गंध येतो. म्हणजे आचेसाठी बाभूळ किंवा तिचा कोळसा, आणि गंधासाठी फळझाडाचं थोडंसं लाकूड. बाभूळ घट्ट, तिचा निखारा टिकतो. गंधाला आंबा, पेरू, बोर चालतात. कडुनिंबाच्या वाट्याला जाऊ नये, कण्हेर तर विषारीच.

शेतातल्या उरल्यासुरल्यावर अन्न भाजणं आपल्याकडे नवं नाही. खानदेशात भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात, ती चव गॅसच्या वांग्याला येत नाही. नाशिककडे कपाशीऐवजी द्राक्ष आहे. फ्रान्समध्ये बोर्दो भागात द्राक्षवेलीच्या छाटलेल्या काड्यांवर मांस भाजण्याची जुनी रीत आहे. निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या बागांत दरवर्षी खरड छाटणी झाली की अशाच काड्यांचे ढीग बांधावर पडतात.

इथे जरा जपून. आपल्या बागांवर डाऊनी, भुरी आणि करप्यासाठी फवारण्या होतात; त्यात गंधक असतं, मोरचूद असतं. काडीच्या सालीवर ते राहतं. मोरचुदातलं तांबं जळून नाहीसं होत नाही, राखेत उरतं. त्यामुळे बारीक काड्यांच्या धुरावर मांस धरणं शहाणपणाचं नाही. जाडसर खोडाची गोष्ट थोडी निराळी. जुनी बाग मोडली की खोडं निघतात. त्यांची साल सुटी असते, पट्टीसारखी हाताने ओढून काढता येते. साल काढलेलं, चांगलं वाळलेलं खोड कितीतरी बरं, तेही पूर्ण पेटून निखारा झाल्यावरच मांस चढवायचं. मात्र ही खोडं पूर्वीइतकी सहज फुकट मिळतील असं नाही. छाटणीची काडी यंत्राने बारीक करून जमिनीतच गाडणारे शेतकरी वाढलेत, आणि जमिनीच्या दृष्टीने ते योग्यच आहे.

रमजानाची आणि द्राक्षाची गाठ पडतेच असंही नाही. चांद्र पंचांगामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2023 मध्ये पहिला रोजा 24 मार्चला होता; ईद होईपर्यंत छाटण्या सुरू झालेल्या होत्या. 2026 मध्ये तो फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आला, तेव्हा वेलीवर घड लटकलेले. त्या दिवसांत खोड मागायला गेलेला माणूस रिकाम्या हाती परतणार. आणि ओलं लाकूड मिळालं तरी उपयोग नाही. ओल्याचा धूर पांढरा, दाट, डोळ्यांना झोंबणारा असतो आणि पदार्थावर कडवट थर चढवतो. निळसर, बारीक, दिसेल न दिसेल असा धूर आला की लाकूड नीट वाळलंय असं समजावं.

धूर हा केवळ कबाबवाल्याचा प्रश्न राहिलेला नाही, हेही खरं. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांत नाशिकचं नाव आहे. मुंबईत जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना इंधन बदलण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. उद्या आपल्या गल्लीतही हा विषय येईल. सिगडीसमोर रोज तीन-चार तास उभ्या राहणाऱ्या कारागिराची छाती आणि वरच्या मजल्यावर खोकणारी म्हातारी, दोघांच्याही वतीने तो यायलाच हवा. गॅसवर शिजवून शेवटी लाकडाचा गंध द्यायचा, हा मधला मार्ग आहेच.

घरातल्या बायकांना तो केव्हाचा माहीत आहे. खिमा किंवा डाळ शिजली की पातेल्यात मधोमध वाटी ठेवायची, तीत लाल निखारा, दोन लवंगा, वरून चमचाभर तूप, आणि लगेच झाकण. पाच मिनिटांत धुंगार बसतो. निखाऱ्याला नारळाच्या करवंटीचा तुकडाही चालतो, आणि करवंटी कोणाच्या घरात पडत नाही? मोहल्ल्यात ती इफ्तारच्या खिम्याला लागते, वाड्यात वांग्याच्या भरताला.

ठेल्याला मात्र एका करवंटीने भागत नाही. पुढचा रमजान 2027 च्या फेब्रुवारीत, दुसऱ्या आठवड्यात सुरू होईल. ज्याला खोड हवंय त्याने एप्रिलमध्येच ओळखीच्या बागाईतदाराला शब्द टाकून ठेवावा आणि शेवटची फवारणी कशाची झाली हेही विचारून घ्यावं. आणलेलं लाकूड साल काढून, हातभर तुकडे करून, छपराखाली विटांवर रचावं. जमिनीला टेकलं तर पावसाळ्यात बुरशी धरते, आणि बुरशीचं लाकूड कितीही वाळवलं तरी सिगडीत घालण्याजोगं राहत नाही.