नाग हम्मादीचा रांजण

१९४५ साली इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ शेतकऱ्यांना पुरलेला रांजण सापडला. आत कातडी बांधणीच्या, कॉप्टिक भाषेतल्या डझनभर पोथ्या. तोवर नॉस्टिक, म्हणजे गूढ ज्ञानातून मुक्ती मिळते असं मानणारे, ख्रिस्ती लोक कळत ते मुख्यतः त्यांच्या विरोधकांकडून. लियाँचा बिशप इरेनियस याने इ.स. १८० च्या सुमारास त्यांच्यावर पाच भागांत टीका लिहिली होती. आता त्यांचंच म्हणणं हाती आलं. या पोथ्यांतलं ‘योहानाचं गुप्त पुस्तक’ सांगतं, की हे जग परमदेवाने घडवलेलंच नाही. ते घडवलं सिंहमुखी, सर्पदेही याल्दाबाओथने, आणि तो अज्ञानापोटी स्वतःलाच एकमेव देव समजतो. जगात एवढं दुःख का, या प्रश्नाला इतकं धीट उत्तर क्वचितच कुणी दिलं असेल. माणसात मात्र वरच्या प्रकाशाचा अंश अडकलेला असतो. ख्रिस्त येतो तो माणसाला या अंशाची ओळख पटवायला. त्याच रांजणातल्या थॉमसच्या शुभवर्तमानात येशूची ११४ वचनं आहेत, पण क्रुसावरच्या मरणाची कथा नाही.