चालती गाडी बंद पडते तेव्हा

गतवर्षीच्या मे महिन्यातील गोष्ट. नागपूरहून वडिलांना घेऊन मी जबलपूरला परतत होतो. माझी नेमणूक गढ्याच्या शाखेत असल्याने आमचा मुक्काम तेथेच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी येथील वैद्यकीय महाविद्यालयात वडिलांची हृदयाची तपासणी ठरलेली होती. दुपारचे तीन वाजले होते, ऊन रणरणत होते आणि बरगी मागे टाकून आम्ही तिलवाराच्या पुलाकडे निघालो असतानाच गाडीचे इंजिन कोणतीही पूर्वसूचना न देता थांबले. धक्का नाही, धूर नाही, आवाज नाही. पंखा बंद करावा तसे इंजिन बंद झाले. मागून मालमोटारींची रांग येत होती.

अशा वेळी इंजिनाबरोबर आणखी काय काय जाते, हे चालकास ठाऊक असणे आवश्यक आहे. स्टिअरिंग एकाएकी जड होते, पण फिरते. ब्रेकला इंजिनाकडून मिळणारी मदत थांबते. तथापि साठलेल्या निर्वातामुळे पहिले दोन-तीन ब्रेक नेहमीसारखे लागतात, म्हणून पाय सारखा वर-खाली न करता एकदाच घट्ट दाबून ठेवावा. किल्ली मात्र गाडी पूर्ण थांबेपर्यंत काढू नये. काढल्यास स्टिअरिंगला कुलूप बसते. सुदैवाने एवढे मला स्मरले. चारही इशारादिवे लावून गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, वडिलांना डावीकडील दाराने उतरवून एका चहाच्या टपरीच्या सावलीत बसविले आणि लाल त्रिकोण गाडीच्या बराच मागे नेऊन ठेवला.

वडील म्हणाले, "अरे, मला काही झालेलं नाही. तू आधी गाडीकडे बघ." त्यांच्या कपाळावरील घाम मात्र निराळेच सांगत होता.

येथे वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही गाडी बंद पडण्याची ती तिसरी खेप होती. पहिल्या वेळी एका कार्यशाळेने पेट्रोलचा पंप बदलून आठ हजारांहून अधिक रुपयांचे देयक हाती ठेवले. दुसऱ्या वेळी स्पार्क प्लग आणि बॅटरी बदलली. दोन्ही वेळा गाडी ओढून नेईपर्यंत ती निवलेली असे आणि कार्यशाळेत पहिल्याच प्रयत्नात सुरू होई. मग कोणता तरी भाग अंदाजाने बदलला जाई. आमच्या व्यवसायात दिवसाअखेरीस हिशेब जुळला नाही, तर कोणी खातेवही बदलत नाही. फरकाची रक्कम पाहतात. ती नऊने भागली गेली की अंकांची अदलाबदल झाली असावी, एखाद्या नोंदीच्या बरोबर दुप्पट असेल तर ती नोंद चुकीच्या बाजूस पडली असावी, असा शोध सुरू होतो. गाडीच्या बाबतीत मात्र मी हे सारे विसरून गेलो होतो, याची आज लाज वाटते.

टपरीवर बसल्या बसल्या गढ्यातील एका वृद्ध मेकॅनिकला दूरध्वनी केला. हे गृहस्थ जबलपूरच्या वाहन निर्माणीतून निवृत्त झालेले. 1969 मध्ये स्थापन झालेल्या या निर्माणीने सैन्यासाठी शक्तिमान मालमोटारी आणि जोंगा गाड्या तयार केल्या. 'जोंगा' हे नाव मुळात जबलपूरच्या शस्त्रनिर्माण्यांच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून घडले, हे बाहेरच्या लोकांस सहसा माहीत नसते. गढा म्हटले की इतरांना गोंड राजांची राजधानी, मदनमहाल आणि राणी दुर्गावती आठवते. येथील जुन्या कुटुंबांना त्यासोबत निर्माणीचा भोंगाही आठवतो. काकांची कित्येक पिढ्यांची मराठी, पण तिला जबलपुरी हिंदीची फोडणी.

"साहेब, घाबरू नका. मी विचारतो तेवढंच सांगा," ते म्हणाले. "किल्ली फिरवल्यावर इंजिन घुमतं का?"

घुमत होते, आणि जोरात घुमत होते. म्हणजे बॅटरी, तिची टोके आणि स्टार्टर निर्दोष. नुसता 'टक' असा आवाज आला असता किंवा दिवे मंदावले असते, तर संशय त्या बाजूस वळला असता. आणि बंद पडण्यापूर्वी बॅटरीचा लाल दिवा लागला असता, तर अल्टरनेटरकडे.

"नेहमीपेक्षा हलकं, भरभर घुमतं का?" तसे नव्हते. हा प्रश्न महत्त्वाचा होता. टायमिंग बेल्ट तुटला असेल, तर दाब न राहिल्याने इंजिन विलक्षण हलके फिरते. अशा वेळी पुन्हा पुन्हा किल्ली फिरविल्यास अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून मोठी हानी होते.

"आता किल्ली फक्त एक टप्पा फिरवा. मागच्या सीटखाली गुणगुण ऐकू येते?" दोनेक सेकंद बारीक घूं असा आवाज आला. पेट्रोलचा पंप जिवंत होता. त्याच्यावर खर्च केलेले आठ हजार व्यर्थ गेले होते, हे त्या दोन सेकंदांत उमगले. इंजिनाचा पिवळा दिवाही लागला होता, म्हणजे संगणकास वीज मिळत होती. चोरीविरोधी यंत्रणेचा दिवा लुकलुकत नव्हता. तापमानाचा काटा मध्यावर होता.

"शेवटचं. इंजिन घुमत असताना फेऱ्यांचा काटा थोडा तरी हलतो का?"

काटा शून्यावर निश्चल होता.

काका हसले. "मग अर्धा तास चहा प्या. गाडी आपोआप सुरू होईल. सरळ माझ्याकडे आणा."

चाळीस मिनिटांनी गाडी खरोखरच सुरू झाली. काच खाली करून, वातानुकूलन न लावता, डाव्या कडेने आम्ही नर्मदा ओलांडली आणि गढ्यात आलो. वडिलांना घरी सोडून मी काकांच्या अंगणात पोहोचलो.

इंजिनाच्या मुख्य दांड्यावर एक दातेरी चक्र असते आणि त्याच्या अगदी जवळ बोटाएवढा एक संवेदक बसविलेला असतो. आमच्या गाडीत तो चुंबकाभोवती अत्यंत बारीक तार गुंडाळून केलेला होता. प्रत्येक दाता समोरून गेला की तारेत किंचित वीज उत्पन्न होते. या स्पंदनांवरून संगणकास पिस्टन कोठे आहे हे कळते आणि ठिणगी केव्हा द्यायची, पेट्रोल केव्हा फवारायचे हे ठरते. स्पंदन थांबले की संगणकाच्या लेखी इंजिन फिरतच नाही. मग तो ठिणगी व पेट्रोल दोन्ही रोखतो. तार एखाद्या ठिकाणी भेगाळली, तर उष्णतेने प्रसरण पावून तेथील जोड सुटतो आणि निवल्यावर पुन्हा जुळतो. म्हणूनच कार्यशाळेत पोहोचलेल्या थंड गाडीत दोष सापडत नाही.

काकांनी तो संवेदक काढून त्यास मीटर जोडला. रोध योग्य होता. मग त्यांनी आतून सुनेचा केस वाळविण्याचा ड्रायर आणला आणि गरम हवेचा झोत त्यावर सोडला. चार-पाच मिनिटांत मीटरवरील आकडा उड्या मारू लागला आणि मग नाहीसा झाला. ओल्या फडक्याने पुसल्यावर आकडा परत आला. मी असा पुरावा यापूर्वी फक्त लेखापरीक्षणात पाहिला होता.

"आमच्या वेळी कार्ब्युरेटर होते," काका सांगू लागले. "उन्हाळ्यात नळीतच पेट्रोलची वाफ व्हायची नि गाडी बसायची. ओलं फडकं गुंडाळलं की चालू. आता पंप टाकीत असतो, दाब मोठा असतो, तो त्रास गेला. पण उन्हाने गाडी बसते ती बसतेच, जागा तेवढी बदलली."

भारतात 2013 पासून नव्या मोटारींत दोषनोंद करणारी दुसऱ्या पिढीची यंत्रणा सक्तीची झाली. तिला जोडावयाचे छोटे वाचनयंत्र आता बरेच स्वस्त मिळते. या संवेदकाचा दोष त्यावर बहुधा पी 0335 असा उमटतो. आमच्या गाडीत मात्र काहीच उमटले नव्हते, कारण किल्ली फिरवूनही स्पंदन न आल्याची नोंद प्रत्येक संगणक करतोच असे नाही.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तर ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्या प्रलयात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी हानी सर्वसाधारण विमापत्रात सहसा समाविष्ट नसते. त्यासाठी इंजिनाचे निराळे संरक्षण घ्यावे लागते. नूतनीकरणाच्या वेळी विमापत्राचे ते पान वाचावे. राष्ट्रीय महामार्गावर अडकल्यास 1033 हा क्रमांक अहोरात्र उपलब्ध असतो. त्या दुपारी मला तो ठाऊक नव्हता.

नव्या संवेदकास दीड हजारही लागले नाहीत. काकांनी मजुरीचे दोनशे घेतले आणि ड्रायर सुनेस परत करून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता वडिलांची तपासणी वेळेवर झाली. गाडीतून उतरताना ते म्हणाले, "डॉक्टरांनाही सांग, आधी प्रश्न विचारा म्हणावं."