खुडूक कोंबडीऐवजी उबवणी पेटी

अलीकडे आपल्या भागात, खानापूरच्या रानातील वाड्यांपासून अथणी-चिकोडीच्या कोरड्या मुलखापर्यंत, पन्नास-शंभर अंडी मावतील अशा छोट्या उबवणी पेट्या घरोघरी दिसू लागल्या आहेत. कोणी ती बचत गटाच्या कर्जातून घेतो, कोणी थर्माकोलच्या खोक्यात बल्ब बसवून घरीच तयार करतो. पहिल्या खेपेला पन्नास अंड्यांतून पंधरा-सोळा पिले निघतात, बाकीची उकिरड्यावर जातात, आणि पुढे पेटी माळ्यावर पडते. कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात.

यात पेटीचा दोष बहुधा थोडाच असतो. खुडूक बसलेली कोंबडी एकवीस दिवसांत अनेक कामे करते. ती ऊब देते, दिवसातून कितीतरी वेळा चोचीने अंडी फिरवते, ओलावा राखते आणि पिले निघाल्यावर त्यांना पंखाखाली घेते. साधी पेटी यातले एकच काम करते, ते म्हणजे ऊब देणे. बाकीची सर्व कामे घरच्या माणसांवर येतात, ही गोष्ट पेटी विकणारा सहसा सांगत नाही.

म्हणून पेटी घेण्याआधी तिची गरज आहे का, हे पाहावे. गावठी कोंबडी एका वेळेस दहा-बारा अंडी सहज उबवते, आणि वर्षाला दहा-वीस पिले हवी असतील तर तिच्याइतके स्वस्त यंत्र दुसरे नाही. मात्र उबवण आणि पिलांचे संगोपन यांत तिचे तीन-एक महिने जातात आणि तेवढा काळ ती अंडी देत नाही. ज्यांना एका वेळी जास्त पिले हवीत, किंवा ज्यांच्याकडे गिरिराजा, वनराजा अशा सुधारित जातीच्या कोंबड्या आहेत, त्यांना पेटीचा खरा उपयोग आहे. कारण या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. पण गिरिराजाच्या घरच्या अंड्यांतून निघालेली सगळी पिले आईबापांसारखी भरदार होतील, ही आशा धरू नये. या जाती संकरातून तयार केलेल्या आहेत आणि पुढच्या पिढीत गुण विखुरतात.

आता अंड्यांविषयी. दुकानातील पांढरी अंडी पेटीत ठेवून काही उपयोग नाही. अंड्यांच्या फार्ममध्ये कोंबडा ठेवलेलाच नसतो, त्यामुळे ती अंडी फळलेली नसतात. परसातल्या आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणाबांड कोंबडा असावा. तो कळपात सोडल्यानंतर आठ-दहा दिवसांनी अंडी गोळा करू लागावे. फार मोठे, फार लहान, वेडेवाकडे किंवा पातळ कवचाचे अंडे खाण्यासाठी ठेवावे. मळलेले अंडे धुऊ नये. कवचावर निसर्गाने दिलेला एक पातळ थर असतो; पाण्याने तो निघून जातो आणि कवचाच्या हजारो छिद्रांतून रोगजंतू आत शिरतात. थोडी घाण असेल तर कोरड्या फडक्याने पुसावी, फार मळलेले अंडे घेऊच नये. त्यापेक्षा खुराड्यातल्या घरट्यात ताजे गवत घालावे, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

गोळा केलेली अंडी सात दिवसांपेक्षा जास्त ठेवू नयेत. त्यानंतर दिवसागणिक पिले निघण्याचे प्रमाण घटत जाते. ती ठेवण्यास १५ ते १८ अंश सेल्सिअस उष्णता चांगली. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरात ती मिळत नाही, म्हणून काही जण अंडी फ्रीजमध्ये ठेवतात. ती थंडी फार होते आणि आतला जीव मरतो. पसरट मातीच्या परातीत ओली वाळू भरून तीत एक मडके अर्धे रोवावे, आत कोरडे गवत घालून अंडी निमुळते टोक खाली करून ठेवावीत आणि वर सुती कापड घालावे. वाळूवर रोज पाणी शिंपडावे. माठातले पाणी गार होते तसाच हा प्रकार आहे. मोटारसायकलवरून आणलेली अंडी मात्र लगेच पेटीत न घालता अर्धा दिवस स्थिर राहू द्यावीत.

पंखा असलेल्या पेटीत उष्णता ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ अंश फॅरनहाइट, ठेवावी. पंखा नसेल तर वरची हवा गरम आणि खालची थंड राहते. अशा पेटीत थर्मामीटरचे टोक अंड्यांच्या वरच्या पृष्ठभागाच्या पातळीत ठेवून तेथे १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट दिसले पाहिजे. झाकणाला चिकटवलेला थर्मामीटर काय दाखवतो, याला काही अर्थ नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे स्वस्त पेटीवरच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. त्यात एका-दोन अंशांचा फरक सहज असतो, आणि एवढ्या फरकानेही सबंध खेप बिघडते. घरातला ताप पाहण्याचा थर्मामीटर नेमका याच उष्णतेजवळ अचूक असतो. वाटीभर कोमट पाण्यात तो आणि पेटीचा थर्मामीटर, किंवा पेटीला जोडलेली बारीक तार, शेजारी शेजारी धरून दोन्हींतला फरक पाहावा आणि वहीत लिहून ठेवावा. पेटी रिकामीच एक पूर्ण दिवस-रात्र चालवून, काटा स्थिर राहिला म्हणजेच अंडी घालावीत. पेटी ठेवण्यास पत्र्याखालची खोली किंवा खिडकीची जागा वाईट. घरातली मधली, कमी ऊन लागणारी खोली बरी. मिसर देशात दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीपासून मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवीत आले आहेत. तेथील कामगार अंडे डोळ्याच्या पापणीला लावून उष्णता ओळखीत. आपल्याला पिढीजात सराव नाही, तेव्हा थर्मामीटर बरा.

अंडी फिरवण्याचे कारण समजले तर कंटाळा येणार नाही. पिवळा बलक हलका असल्याने वर तरंगतो आणि वाढणारा जीव त्याच्या माथ्यावर असतो. अंडे एकाच बाजूवर पडून राहिले तर तो कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो आणि मरतो. म्हणून पेन्सिलीने एका बाजूस फुली व दुसऱ्या बाजूस गोल काढावा आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा, म्हणजे विषम वेळा, अंडी उलटावीत. विषम अशासाठी की रात्रीचा लांब काळ रोज त्याच बाजूवर जाऊ नये. अंड्यांना हात लावण्याआधी साबणाने हात धुवावेत. पेटी आपोआप अंडी फिरवत असेल तरी ती खरोखर फिरते का, हे रोज खुणांवरून पाहावे.

ओलाव्याच्या बाबतीत आपल्या भागात एकच नियम चालत नाही. पहिले अठरा दिवस ५० ते ५५ टक्के आर्द्रता असावी. जुलैत खानापूरकडे हवाच इतकी ओली असते की पेटीत पाण्याची वाटी ठेवण्याची गरज पुष्कळदा नसते, तर मार्चमध्ये अथणीला दोन वाट्याही कमी पडतात. सांगण्यासारखी गोष्ट ही की पाणी किती खोल आहे यापेक्षा त्याचा पृष्ठभाग किती पसरट आहे, यावर ओलावा ठरतो. आर्द्रतेचा काटाही चुकतो. त्याची परीक्षा अशी: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते जेमतेम ओले करावे, काट्यासह प्लास्टिकच्या घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवावे. सकाळी काटा ७५ दाखवीत असेल तर बरोबर.

आणखी खात्रीचा उपाय तराजू आहे. कवचाच्या छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर जात असते, आणि अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन सुमारे १२ टक्के घटले पाहिजे. समजा तीस अंडी सुरुवातीला १३५० ग्रॅम भरली. सातव्या दिवशी ती सुमारे १२८५ आणि अठराव्या दिवशी ११९०च्या आसपास भरावीत. वजन फार उतरले तर पाणी वाढवावे, कमी उतरले तर पाणी काढून घ्यावे. मधे एखादे अंडे बाद केले तर हिशेबातून त्याचे वजनही वगळावे. किराणा तोलण्याचा साधा काटा यास पुरतो.

पेटीची भोके मात्र कधीही बुजवू नयेत. ऊब जाते म्हणून काही जण त्यांत कापूस कोंबतात. आतल्या जिवाला श्वास लागतो, आणि शेवटच्या आठवड्यात फार लागतो.

वीज जाणे ही आपली रोजचीच अडचण आहे. तासा-दोन तासांनी सगळे संपले असे समजून घाबरू नये. कोंबडीसुद्धा दाणापाण्यासाठी रोज थोडा वेळ उठतेच. झाकण उघडू नये, भोके मोकळी ठेवून पेटीवर घोंगडी टाकावी. थंडीने पिले एखादा दिवस उशिरा निघतात. घात होतो तो अति उष्णतेने. पेटी १०४-१०५ अंश फॅरनहाइटवर काही तास राहिली तर पुष्कळ अंडी जातात. म्हणून वीज गेल्यावर पेटीत निखारे किंवा उकळते पाणी ठेवण्याची घाई करू नये. जेथे पावसाळ्यात रात्र रात्र वीज नसते तेथे बॅटरीची सोय केल्याशिवाय शंभर अंडी घालणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

सातव्या दिवशी रात्री अंधार करून, पुठ्ठ्याच्या खोक्याला रुपयाएवढे भोक पाडून आत विजेरी लावावी आणि त्यावर प्रत्येक अंडे धरावे. जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे हलणारा ठिपका दिसतो. नुसता पिवळसर उजेड दिसला तर अंडे फळलेले नाही. शिरांऐवजी रक्ताचे कडे दिसले तर जीव धरून मेला. ही दोन्ही बाहेर काढावीत, कारण मेलेले अंडे गरमीत कुजून फुटते आणि साऱ्या पेटीत घाण करते. ज्याची खात्री होत नाही ते अंडे राहू द्यावे आणि चौदाव्या दिवशी पुन्हा पाहावे.

अठराव्या दिवशी अंडी फिरवणे बंद करावे, ती आडवी ठेवावीत, खाली जाळी किंवा खरखरीत कापड घालावे आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यावी. नंतर झाकण उघडू नये. शेवटच्या तीन दिवसांत माणसाला हाच नियम सर्वांत जड जातो. विसाव्या दिवशी पिलू आतल्या हवेच्या पोकळीत चोच घालून श्वास घेऊ लागते, मग कवचाला टोचा मारते. टोचा पडल्यापासून बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास लागू शकतात. तेवढ्या वेळात ते उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि पापुद्र्यावरच्या शिरांतले रक्त अंगात घेते. घाईने कवच सोलले तर रक्त वाहते आणि पिलू मरते. शेजारीपाजारी, मुलेबाळे पाहायला जमतात आणि दर पाच मिनिटांनी झाकण उघडले जाते. तेवढ्याने आतला पापुद्रा सुकून पिलाला आवळून धरतो. काचेतून पाहावे. निघालेली पिले अंग वाळेपर्यंत आतच राहू द्यावीत. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस निभावतात, उपाशी मरत नाहीत.

बाविसाव्या दिवसाच्या शेवटी न फुटलेली अंडी फेकण्याआधी घराबाहेर नेऊन फोडून पाहावीत. काम किळसवाणे आहे, पण पुढच्या खेपेचे सगळे उत्तर त्यात असते. बहुतेक अंडी बिनफळीची असतील तर कोंबड्याकडे पाहावे. पहिल्या आठवड्यातच मेलेली पुष्कळ असतील तर अंडी शिळी होती किंवा उष्णता चुकली. पूर्ण वाढलेले पिलू ओलेगच्च, फुगलेले, चिकट द्रवात बुडालेले असेल तर ओलावा फार झाला. तेच कवचाला सुकून चिकटले असेल तर ओलावा कमी पडला. पिले एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच निघाली आणि त्यांच्या बेंबीला रक्त असेल तर उष्णता जास्त होती. तेविसाव्या दिवसापर्यंत रखडली तर कमी होती. हे सर्व तारखेसह वहीत लिहावे.

पेटीतून निघालेल्या पिलांना आई नाही, हे विसरू नये. भाताच्या तुसावर कागद अंथरून, पुठ्ठ्याचे गोल कुंपण करून वर बल्ब टांगावा. पहिल्या आठवड्यात खाली ३५ अंश सेल्सिअस ऊब हवी आणि मग दर आठवड्यास ती सुमारे ३ अंशांनी उतरवावी. पिले बल्बखाली एकमेकांवर चढत असतील तर त्यांना थंडी वाजते. चोची उघड्या टाकून कडेला पळत असतील तर उकडते. घरात एखादी कोंबडी खुडूक असेल तर अधिक सोपा मार्ग आहे. पेटी लावाल त्याच दिवशी तिलाही अंड्यांवर बसवावे, आणि तिची पिले निघाली की पेटीतली काही पिले रात्रीच्या अंधारात तिच्या पंखाखाली सारावीत. बहुधा ती सकाळी सर्वांना आपलीच मानते.

निघालेल्यांत निम्मे कोंबडे असणार, हे धरूनच हिशेब करावा. नाताळसाठी कोंबडा हवा असेल तर जूनच्या मध्यास अंडी ठेवावीत. जुलैच्या सुरुवातीस निघालेले पिलू डिसेंबरात साडेपाच महिन्यांचे आणि अंगात भरलेले असते.

राहता राहिली मानमोडीची लस. तिच्यावाचून पन्नास पिलांची खेप चार दिवसांत साफ होऊ शकते. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत घालावा. पुढच्या लसींचे दिवस सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून लिहून घ्यावेत. ही लस बर्फात ठेवून आणावी लागते, एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक पिलांची मात्रा असते आणि एकदा कालवली की ती दोन तासांच्या आत संपवावी लागते. म्हणून एका वाडीतल्या तीन-चार घरांनी एकाच दिवशी पेट्या लावाव्यात, म्हणजे एक कुपी सर्वांना पुरेल.