एकाच घरातील दोन कुत्र्यांची भांडणे : कारणे आणि उपाय

गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा आणि शेजारच्या कोरची, धानोरा, आरमोरी या तालुक्यांत धान हे खरिपाचे मुख्य पीक आहे. शिवार जंगलाला लागून असल्यामुळे धान निसवल्यापासून पुंजणे मोडून मळणी होईपर्यंत रानडुकरांपासून पिकाची राखण करावी लागते. जागलीला जाणाऱ्या माणसासोबत कुत्रा असतोच. घरी शेळ्या-कोंबड्यांसाठीही कुत्रा लागतो. त्यामुळे बऱ्याच घरी दोन कुत्रे पाळले जातात. जुना कुत्रा थकत आला की पिल्लू आणले जाते. वर्ष-दीड वर्ष दोघे एकत्र जेवतात, एकत्र झोपतात आणि मग एक दिवस एकमेकांच्या नरड्याला धरतात. घरची माणसे काठी घेऊन धावतात, दोन दिवस दोघांना बांधून ठेवतात आणि सोडल्यावर पुन्हा तोच प्रकार होतो.

हा विषय किरकोळ समजू नये. जखमी कुत्रा ऐन धान कापणीच्या दिवसांत राखणीला निरुपयोगी ठरतो. शिवाय भांडण सोडविताना माणसालाच चावा बसतो आणि त्यात लहान मुले सापडण्याची भीती सर्वांत जास्त असते. म्हणून या भांडणांची कारणे समजून घेऊन वेळीच उपाय करणे आवश्यक आहे.

भांडणे का होतात ?

दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान कुत्रा वागणुकीने प्रौढ होतो. तोपर्यंत मोठ्या कुत्र्यापुढे दबून राहणारे पिल्लू आता माघार घेत नाही. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी एकाच घरात भांडणाऱ्या कुत्र्यांच्या ३८ जोड्यांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. त्यात पाचपैकी जवळजवळ चार जोड्या नर-नर किंवा मादी-मादी अशा एकाच लिंगाच्या होत्या. भांडणाला सुरुवात करणारा कुत्रा बहुतेक वेळा वयाने लहान किंवा घरात नंतर आलेला होता. आपल्याकडील अनुभवही याहून वेगळा नाही. भांडणाची नेहमीची निमित्ते अशी :

१) अन्न : एकाच भांड्यात ओतलेली पेज किंवा अंगणात टाकलेले हाड.
२) माणसाचा सहवास : मालक शेतातून आला की दोघेही अंगावर झेपावतात आणि तेथेच जुंपते.
३) जागा : दाराचा उंबरा, ओट्याचा कोपरा, चुलीजवळची ऊब.
४) माज : मादी साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते आणि हा काळ दोन ते तीन आठवडे चालतो. या दिवसांत नर आपसात भांडतात. दोन माद्या असल्यास त्यांचेही पटत नाही.
५) उसना राग : कुंपणापलीकडे डुक्कर किंवा परका कुत्रा दिसतो, पण तेथपर्यंत पोचता येत नाही. मग तो राग शेजारी असलेल्या सोबत्यावर निघतो.
६) दुखणे : कानातील पू, दातदुखी, सांधेदुखी किंवा जुनी जखम. म्हाताऱ्या कुत्र्याला धक्का लागला तरी तो चावतो.

“भांडू द्या, एक जिंकला की आपोआप मिटेल” असे पुष्कळ लोक म्हणतात. लांडग्यांच्या कळपात मारामारी करून एक पुढारी ठरतो, या जुन्या कल्पनेतून हा समज पसरला. ही कल्पना कोंडून ठेवलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणावरून मांडली गेली होती. मोकळ्या रानात लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्ले, असे डेव्हिड मीच या शास्त्रज्ञाने १९९९ मध्ये दाखवून दिले. कुत्र्यांना भांडू दिल्याने वाद मिटत नाही, उलट प्रत्येक भांडणानंतर पुढचे भांडण लवकर पेटते.

आधीची लक्षणे ओळखा

खेळणारे कुत्रे अंग सैल ठेवतात, पुढचे पाय टेकवून मागचा भाग वर करतात आणि आळीपाळीने पळतात. भांडणापूर्वी मात्र अंग ताठ होते, पाठीवरचे केस उभे राहतात, नजर एकटक होते, ओठ वर जाऊन दात दिसतात. एक कुत्रा दुसऱ्याच्या वाटेत आडवा उभा राहतो किंवा त्याच्या मानेवर हनुवटी ठेवतो. अशा वेळी आरडाओरडा करू नये. नेहमीच्या आवाजात एकाला नावाने हाक मारून बाजूला न्यावे.

भांडण लागल्यास

मध्ये हात घालू नये व गळपट्टा धरण्यासाठी वाकू नये. पेटलेला कुत्रा कोणाचा हात आहे हे पाहत नाही. मुलांना प्रथम घरात पाठवावे. बादलीभर पाणी दोघांच्या तोंडावर जोरात मारावे किंवा पत्र्याचा डबा जोरात वाजवावा. त्याने न सुटल्यास खाट, फळी किंवा जाड बारदाना दोघांच्या मध्ये घालावा. काठीने मारू नये. माराच्या वेदनेने कुत्रा पकड अधिक घट्ट करतो आणि पुढे सोबती दिसला की मारच आठवतो. सुटल्यावर दोघांना एकमेकांच्या नजरेआड ठेवावे.

कुत्र्याच्या जखमा वरून लहान दिसतात, पण सुळा खोलवर गेलेला असतो. स्वच्छ पाण्याने जखम धुऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. पावसाळ्यात अशा जखमेत लवकर अळ्या पडतात. रॉकेल किंवा जळके ऑइल जखमेवर ओतू नये. माणसांच्या अंगदुखीच्या गोळ्याही देऊ नयेत, कारण त्या कुत्र्याला विषारी ठरू शकतात.

भांडणे थांबविण्याची पद्धत

पहिली पायरी : दोघांना आठ-दहा दिवस पूर्ण वेगळे ठेवावे आणि पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे. दुखणे असल्यास आधी ते बरे करावे. नर व मादी दोघांचेही निर्बीजीकरण करून घ्यावे. त्यामुळे माजाच्या काळातील भांडणे टळतात. मात्र अन्न किंवा जागेवरून होणारी भांडणे केवळ शस्त्रक्रियेने थांबत नाहीत.

दुसरी पायरी : निमित्त काढून टाकावे. दोघांना ठरलेल्या वेळी, वेगळ्या भांड्यात, एकमेकांना न दिसेल अशा जागी खाऊ घालावे. खाणे संपताच भांडी उचलावीत. हाडे अंगणात टाकू नयेत. दोघांना समोरासमोर, जेमतेम तोंड पोचणार नाही अशा अंतरावर बांधू नये. दिवसभर एकमेकांकडे ओढ घेऊन त्यांचा राग वाढतच जातो.

तिसरी पायरी : दोघांना थोडी शिस्त लावावी. खाणे, बाहेर सोडणे, अंगावरून हात फिरविणे यांपूर्वी “बस” म्हणून बसवावे. घरातील सर्वांनी एकच शब्द वापरावा. कोणाला आधी वाढायचे हा क्रम ठरवून रोज तोच पाळावा.

चौथी पायरी : दोन माणसांनी दोन दोरांनी दोघांना धुऱ्यावरून एकाच दिशेने फिरवावे. सुरुवातीला २५ ते ३० हातांचे अंतर ठेवावे. दोघेही शांत चालले की भाताचा लहान गोळा किंवा सुक्या मासळीचा तुकडा द्यावा. अंग ताठ झाले, नजर रोखली गेली की अंतर वाढवावे. रोज थोडे थोडे अंतर कमी करावे. यास काही आठवडे लागतात, घाई केल्यास केलेले काम वाया जाते. या काळात बैलाला मळणीच्या वेळी घालतो तसे, पण कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येईल इतके सैल मुसके थोडा वेळ वापरता येते. मुसके घालून कुत्र्याला एकटे सोडू नये.

पाचवी पायरी : कामे वाटून द्यावीत. एक कुत्रा घरी व एक जागलीला अशी व्यवस्था केल्यास अनेक घरी प्रश्न बराच हलका होतो. मोहफुले वेचण्याच्या किंवा तेंदूपाने तोडण्याच्या दिवसांत घर रिकामे असते. त्या वेळी दोघांना एकत्र मोकळे ठेवू नये.

बिबट्याची आठवण ठेवा

वेगळे ठेवायचे म्हणून एकाला अंगणाच्या टोकाला किंवा गोठ्याबाहेर रात्रभर बांधणे आपल्या भागात धोक्याचे आहे. कुत्रा हे बिबट्याचे आवडते भक्ष्य आहे आणि बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. रात्री एकाला गोठ्यात व दुसऱ्याला पडवीत, दार लावून ठेवावे.

पिसाळण्याचा धोका

नेहमी शांत असणारा कुत्रा एकाएकी सोबत्यावर, गुरांवर किंवा घरच्यांवर धावू लागला, आवाज बदलला, लाळ गळू लागली, खालचा जबडा लोंबू लागला किंवा गिळता येईनासे झाले तर ते साधे भांडण समजू नये. त्याला हात न लावता शक्य असल्यास कोंडावे आणि पशुवैद्यकास कळवावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. लस मात्र खात्रीची आहे. पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली लस द्यावी व पुढे दरवर्षी न चुकता टोचून घ्यावी. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. ती तारीख लक्षात ठेवल्यास वार्षिक लस चुकत नाही.

भांडण सोडविताना माणसाला चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना लावू नये. घरचाच कुत्रा आहे म्हणून न थांबता त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. डॉक्टरांनी दिलेल्या तारखांना सर्व इंजेक्शने पूर्ण करावीत. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे.

न जमल्यास

काही जोड्यांचे शेवटपर्यंत जमत नाही, विशेषतः दोन माद्यांचे. अशा वेळी एक कुत्रा नात्यातल्या किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडे द्यावा आणि त्याची खोड स्पष्ट सांगावी. जंगलात नेऊन सोडू नये. पाळीव जनावर असे सोडून देणे १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने गुन्हा आहे. शिवाय असे कुत्रे चितळांच्या पाडसांमागे लागतात आणि डिस्टेंपरसारखे रोग वन्यप्राण्यांपर्यंत नेतात.

पुढच्या वेळी कुत्रा आणताना एवढे पाळावे : पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. एकाच वेताची दोन पिल्ले एकत्र आणू नयेत. घरी नर असल्यास मादी व मादी असल्यास नर आणून दोघांचे निर्बीजीकरण करावे. नव्या कुत्र्याची पहिली भेट अंगणात न घडविता मोकळ्या बांधीत घडवावी. धान कापणीला यायच्या दोन-तीन महिने आधी ही व्यवस्था केल्यास ऐन जागलीच्या दिवसांत दोन्ही कुत्रे कामाचे राहतील.