न जेवणारा हत्ती

रविवारी विहारात मुलांना गोष्ट सांगायची पाळी आमच्यावर आली की अजिंठ्याच्या सतरा नंबरच्या लेणीतला हत्ती हमखास निघतो. पाचव्या शतकातल्या या लेणीत मातृपोषक जातकाची चित्रं आहेत. आंधळ्या आईला सांभाळणाऱ्या पांढऱ्या हत्तीला राजाची माणसं पकडून नेतात. पुढ्यात उत्तम चारा ठेवतात, पण तो तोंड लावत नाही. राजा कारण विचारतो आणि ऐकून त्याला सोडून देतो.

परवा एक मुलगी म्हणाली, "आमचा मामापण जेवत नाही. पण त्याला तर कुणी पकडलं नाही."

आम्हाला पटकन उत्तर सुचलं नाही. मग आठवला इंग्रजी गोष्टींतला ईयोर. ए. ए. मिल्न यांच्या 1926 च्या 'विनी द पू' या पुस्तकातलं हे गाढव सदा उदास, कारण असो वा नसो. 2000 साली कॅनडातल्या डॉक्टरांनी त्यांच्या वैद्यकीय मासिकात थट्टेच्या सुरात या पात्रांची तपासणी केली आणि ईयोरला डिस्थायमिया, म्हणजे वर्षानुवर्षं रेंगाळणारं सौम्य नैराश्य, असल्याचं लिहिलं. थट्टा असली तरी आजार खरा आहे. ईयोरचे मित्र मात्र त्याला 'हास की जरा' म्हणत बसत नाहीत. त्याची हरवलेली शेपटी शोधून आणतात, वाढदिवसाला भेट घेऊन जातात.

आपल्या महाळुंग्यात कुणी सोसायट्यांत धुणंभांडी करतं, कुणी हिंजवडीला हाऊसकीपिंगला, कुणी रात्रपाळीचा वॉचमन. घरात गप्प बसलेल्या माणसाला सरळ 'आळशी', 'नाटकी' म्हणून मोकळं व्हायचं, नाहीतर देवऋषी गाठायचा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हे घडतं, हे आम्हाला जास्त टोचतं.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास, कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, अंग जड, 'माझा काही उपयोग नाही' असं बोलणं. एवढं दिसलं तर डॉक्टरांकडे न्या. रक्त कमी असणं, थायरॉईड यांनीही असंच होतं, म्हणून रक्त तपासतात. गोळ्या सुरू झाल्या तर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार मिळतात, आपल्याला औंध जवळ. मरणाची भाषा निघाली तर टाळू नका. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं सरळ विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. माणसाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. त्या मुलीच्या आईला आम्ही तो वहीच्या पानावर लिहून दिला. तिने घडी करून पदराला बांधला आणि म्हणाली, "आधी मीच करून बघते."